परतीची भिंत

एकदा पसरलेली गोष्ट आपणहून पुन्हा गोळा होत नाही. पाण्यात पडलेला शाईचा थेंब, खोलीत सुटलेला वास, कानात सांगितलेली भानगड, सगळ्यांचा प्रवास दाटीकडून विरळतेकडे, आणि परतीचे तिकीट कोणाकडेच नसते. निसर्गाचा हा थोर आणि काहीसा करुण नियम वर्गात सांगताना सरांचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी किंचित जड होई. त्या शनिवारी सकाळी हा नियम त्यांना पुन्हा आठवला, तेव्हा ते स्वतःच्या घरात सोफ्याखाली पालथे पडले होते, मिशीला थर्माकोलचे दाणे चिकटले होते आणि हातातल्या झाडूचा प्रत्येक फटकारा दाण्यांना गोळा करण्याऐवजी नवी उमेद देत होता.

सर म्हणजे चौथ्या मजल्यावरचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. इमारतीत त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, आणि ते नेमके काय करतात हे कोणालाच, अगदी त्यांच्या पत्नीलाही, ठाऊक नव्हते. ते करत होते ते असे. धूर, उष्णता, औषध, कुठलीही गोष्ट कशी पसरते याची समीकरणे मोठी हट्टी असतात. सरळ सोडवायला गेले की सुटत नाहीत. मग संगणकात हजारो काल्पनिक कण सोडायचे. प्रत्येक कणाने पावलागणिक नाणेफेक करून इकडे जायचे की तिकडे ते ठरवायचे, आणि शेवटी कुठे किती कण जमले ते पाहायचे. तेच उत्तर. एकेकटा कण प्यायल्यासारखा चालतो, पण घोळका शिस्तीत वागतो. माणसांचे याच्या नेमके उलट असते, हा सरांचा दरवर्षीचा विनोद होता आणि पहिल्या बाकावरचे दरवर्षी हसत. कण भिंतीवर आपटला की मागे फिरे, म्हणून तिला सर 'परतीची भिंत' म्हणत. त्यांचा एक दंडकही होता. कण हरवता कामा नयेत. सोडले तेवढे शेवटी सापडलेच पाहिजेत.

सरांच्या घरात एक बीनबॅग होती. थर्माकोलच्या दाण्यांनी भरलेली ती बसायची गुबगुबीत पिशवी. पण दाणे चेपून चेपून तिची गुबगुब संपली होती आणि बसणाऱ्याला शेवटी फरशीच लागत होती. शुक्रवारी बहिणीकडे राहायला निघताना पत्नीने नव्या दाण्यांची भलीमोठी पिशवी सरांच्या हातात दिली.

"मी रविवारी संध्याकाळी येते. तोवर बीनबॅग भरून ठेवा. बाथरूममध्ये बसून भरा, पंखा बंद ठेवा आणि ही पिशवी अख्खी कापू नका, कोपरा कापा."

"अगं, आयुष्य कणांमध्ये गेलं माझं."

"ते कागदावरचे. हे उडतात."

सरांना हे लागले. शनिवारी सकाळी त्यांनी काम हॉलमध्ये काढले, कारण बाथरूममध्ये बसून काम करणे प्राध्यापकाला शोभत नाही. पंखा लावला, कारण उकडत होते. आणि पिशवी अख्खी कापली, कारण तीनपैकी दोन सूचना मोडल्यावर तिसरी पाळण्यात काही अर्थ उरत नाही. तेवढ्यात फोन वाजला. सरांनी ज्या हातात पिशवी होती त्याच हाताने तो उचलला.

"भरली का?" पत्नीने विचारले.

"काम सुरू आहे," सर म्हणाले. त्यांना समोरची भिंत दिसत नव्हती.

"सांडलं नाही ना काही?"

"छे!" सर म्हणाले, आणि एक दाणा त्यांच्या घशात गेला.

पुढे बराच वेळ सर झाडत होते. पण थर्माकोलचा दाणा हा मानी प्राणी आहे. त्याला झाडू दाखवला की तो उडतो, हात लावला की हाताला चिकटतो, आणि हात झटकला की दुसऱ्या हाताला चिकटतो. शेवटी सर सोफ्याखालून बाहेर आले, भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी विचार केला. इथेच सगळे बिघडले. साध्या माणसाने अशा वेळी बायकोला फोन केला असता, किंवा ओले फडके घेतले असते. सरांनी विचार केला.

विचार असा. हॉल लहान आहे आणि दाणे फार आहेत, म्हणून ते दिसतात. इमारत मोठी आहे. हेच दाणे साऱ्या इमारतीत सारखे पसरले, तर कुठल्याही एका जागी इतके थोडे असतील की नसल्यासारखेच. हॉल आणि जिना यांच्यामध्ये फक्त एक दार आहे. निसर्गाला जे करायचेच आहे, त्याच्या वाटेत आपण दार लावून का उभे आहोत?

सरांनी जिन्यात डोकावून पाहिले. कोणी नव्हते. त्यांनी दार सताड उघडले, पंखा पूर्ण वेगावर केला, खिडकी उघडली आणि पाठ फिरवून उभे राहिले. आपण काही करत नाही आहोत, फक्त दार उघडे आहे, असे ते स्वतःला सांगत होते. तरी पाठ का फिरवली, हे त्यांना पुढे बरेच दिवस टोचत राहिले.

हॉल खरेच स्वच्छ झाला. उरलेसुरले दाणे सरांनी पायाने बाहेर सारले, दार लावले आणि चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत लिफ्ट बंद पडली.

लिफ्टमध्ये नाना होते. नाना म्हणजे सरांच्या समोरच्या दारातले एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ. गुडघ्यांमुळे जिना त्यांना वर्ज्य होता. दाणे लिफ्टच्या दाराच्या खाचेत जाऊन बसले होते, आणि लिफ्ट दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, ना इकडची ना तिकडची, लटकली होती. सर खाली धावले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर निम्मी इमारत जमली होती आणि नानांचा आवाज वरून येत होता.

"मला घाई नाही हो. पण आत काहीतरी पांढरं पडतंय."

"नाना, घाबरू नका! लिफ्टवाल्याला फोन केलाय!" सेक्रेटरी ओरडले. इमारतीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत. मीटिंग बोलावणे ही त्यांची एकमेव करमणूक होती आणि तिला पुरेशी कारणे मिळत नाहीत, हे एकमेव दुःख. आज मात्र ते दुःख विसरले होते. कालच त्यांनी आपले दार हौसेने रंगवले होते. रंग ओला होता. आता त्या दाराला वरपासून खालपर्यंत गोवर उठला होता.

"कोणी केलं हे?" ते विचारत होते. "नाही, मला फक्त नाव सांगा."

"खालच्या ताईच असणार," कोणीतरी म्हणाले. "त्या दिवे पाठवतात ना, ते ह्यातच बांधतात."

तळमजल्यावरच्या ताई कागदाचे दिवे बनवत. पुढच्या खोलीत त्यांचे काम चाले, मागच्या खोलीत त्या राहत, आणि पुढच्या खोलीवर मागची चाले. त्या हाताची खळ पुसत जिना चढून आल्या.

"मी नाही हो. पूर्वी वापरायचे मी दाणे. आता कातरण घालते कागदाची. कधीचं सोडलं ते."

"पण वापरायचात ना?" सेक्रेटरी म्हणाले.

"वापरायचे."

"मग झालं तर. उद्या संध्याकाळी मीटिंग. इमारतीत घरी धंदा करायला बंदी, असा ठरावच आणतो मी."

"अहो, बंदी काय? मग मी खाऊ काय?"

जो तो वर लिफ्टकडे पाहू लागला. सरही तिकडेच पाहू लागले. त्यांच्या उजव्या हाताच्या मुठीत दाणे होते; कठड्याला हात लावला तेव्हा चिकटले होते. झाकली मूठ त्यांनी खिशात घातली. 'मी' हा एवढासा शब्द. तो ओठांपर्यंत आला, तिथे बाकीच्या वाक्याची वाट पाहत थोडा थांबला, आणि भिंतीवर आपटलेल्या कणासारखा मागे फिरला.

"सर!" सेक्रेटरींचे लक्ष त्यांच्याकडे गेले. "तुमचा तर विषयच आहे ना हा? कण की काय ते?"

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते सरांच्या मनात लख्ख पडले. "मला... मला जरा बरं नाही. सकाळपासून कणकण आहे अंगात."

"कणकण तर सगळ्या बिल्डिंगलाच आहे, सर! तुम्ही असं करा. हे दाणे कुठल्या दारातून निघाले, ते तुमच्या शास्त्रानं शोधून काढा. म्हणजे ताईंनाही बोलायला जागा नको."

सरांना अचानक सुटकेचा मार्ग दिसला, आणि तो शास्त्रशुद्ध होता. "ते शक्य नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "पसरलेल्या गोष्टीवरून ती निघाली कुठून, हे मागे जाऊन काढता येत नाही. चहात साखर विरघळली, की ती कपाच्या कुठल्या बाजूनं टाकली ते सांगता येतं का? खुणाच पुसून जातात."

"म्हणजे ताईंनी टाकले नाहीत, हेही कधी सांगता येणार नाही?"

"तसं... नाही येणार."

"संपलं!" सेक्रेटरी सर्वांकडे वळून म्हणाले. "खुद्द शास्त्रच म्हणतंय."

ताईंनी सरांकडे पाहिले. त्या रागावल्या असत्या तर सरांना सोसले असते. पण त्या नुसत्या पाहत होत्या, आणि त्यांच्या केसांत दोन दाणे होते.

"थांबा," सर म्हणाले. "उलटं जाता येत नाही, पण सुलटं जाता येईल. प्रत्येक दारातून कण सोडून बघायचे. ज्या दारातून सोडल्यावर आत्ता जसे पसरलेत तसेच पसरतील, ते दार खरं. उद्या दाखवतो."

हे बोलून झाल्यावर आपण कोणाच्या गळ्याला फास लावला, हे त्यांच्या लक्षात आले. तोवर लिफ्टवाला आला होता आणि नानांना बाहेर काढत होता. नानांच्या टकलावर दाणे होते, आणि ते सर्वांचे आभार मानत होते.

दुपारी सर संगणकापुढे बसले. इमारतीचा नकाशा घातला. जिना, लिफ्ट, भिंती, दारे. कुठल्या मजल्यावर किती दाणे साचले आहेत ते फिरून पाहून आले होते. मग एकेका दारातून कण सोडले. ताईंच्या दारातून सोडलेले कण दुसऱ्या मजल्याच्या वर फारसे चढतच नव्हते. ताई सुटल्या! सरांना इतके बरे वाटले की त्यांनी स्वतःच्या पाठीवर हात फिरवला. मग बाकीची दारे झाली. आणि शेवटी पडद्यावर चौथ्या मजल्यावरचे एक दार लालबुंद झाले. शंका घ्यायला जागाच नाही इतके. सेक्रेटरींच्या दारावरचा गोवरसुद्धा जिथल्या तिथे उमटला होता. आपली पद्धत इतकी चांगली असावी याचा सरांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

दार एका आकड्याने दाखवले जाई आणि भिंत दुसऱ्या. सरांनी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिले. मग तो बदलला. त्यांच्या घराच्या दाराच्या जागी परतीची भिंत उभी राहिली. आता आतले कण बाहेर येऊ शकत नव्हते, बाहेरचे आत जाऊ शकत नव्हते. हा केवळ एक प्रयोग आहे, असे ते पुटपुटले. विद्यार्थ्याने असे केले असते तर त्याला त्यांनी वर्गाबाहेर काढले असते.

त्यांची अपेक्षा होती की आता कुठलेच दार जुळणार नाही, आणि आपल्याला हात वर करता येतील. पण यंत्र मोठे कष्टाळू असते. खरे उत्तर काढून घेतले, की ते शेजारचे उत्तर देते. पडद्यावर नानांचे दार लाल झाले.

'जवळचे उत्तर,' सरांनी मनात म्हटले. शास्त्रात असा शब्द आहे. आणि नाना म्हातारे आहेत. म्हाताऱ्या माणसावर कोणी चिडत नाही. ताई सुटतात, नानांना कोणी काही म्हणत नाही, प्रकरण मिटते. सगळा विचार किती निर्दोष होता! फक्त तो करताना सरांना आरशासमोरून जाता येत नव्हते.

रविवारी संध्याकाळी पत्नी आली. बीनबॅग पाहिली. तिच्यावर बसून पाहिले.

"फरशी लागतेय."

"हो. ते... दाणे जरा कमी पडले."

"एवढी मोठी पिशवी कमी पडली? आणि ही इमारतभर काय घाण झालीय? जिन्यातही तसलेच दाणे."

"त्याचीच मीटिंग आहे. मला दाखवायचं आहे काहीतरी, त्यांनी बोलावलंय," सर म्हणाले.

"तुम्हाला?" पत्नीचा चेहरा उजळला. "मग मी पण येते. इतकी वर्षं झाली, तुम्ही करता काय ते तरी कळेल."

सरांनी तिला प्रवासाचा शीण, डोकेदुखी आणि मीटिंगमधला उकाडा यांची आठवण करून दिली. तिने साडी बदलली.

मीटिंग तळमजल्यावर, गाड्या लावतात त्या जागेत होती. भिंतीवर चादर टांगली होती. पुढच्या ओळीत पत्नी, तिच्या शेजारी खास खुर्चीत नाना, आणि एका बाजूला, कोणाच्याच शेजारी नाही अशा, ताई. चादरीवर इमारतीचा नकाशा उमटला आणि त्यात बारीक ठिपके वळवळू लागले. लोकांना हे भलतेच आवडले.

"तो बघा, माझ्या दाराशी आला!"

"आत घेऊ नका त्याला!"

"हा आमच्या मजल्यावरचा अगदी आमच्या ह्यांच्यासारखा चालतोय. दोन पावलं पुढं, तीन मागं."

"शांतता! शांतता!" सेक्रेटरी म्हणाले. "सर, ताईंचं दार लावा."

सरांनी लावले. कण खालच्या मजल्यांवरच घुटमळले. "म्हणजे ताईंचा संबंध नाही," सर म्हणाले. हे एक वाक्य त्यांनी खऱ्या आवाजात म्हटले. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि सरांना दुरूनच हात जोडले. सरांना वाटले, याच वेळी वीज जावी.

वीज गेली नाही. बाकीची दारे झाली आणि शेवटी नानांचे दार लाल झाले.

साऱ्या माना नानांकडे वळल्या.

"नाना?" सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही?"

"मी तर लिफ्टमध्ये होतो," नाना म्हणाले.

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी लिफ्टकडे चालत होतो. मला वेळ लागतो."

"घरात दाणे आहेत का तुमच्या? एखादी बीनबॅग वगैरे?"

"बीनबॅग? अहो, खुर्चीतून उठायला मला दोन माणसं लागतात. त्यात बसलो तर तुम्हाला जेसीबी आणावा लागेल." लोक हसले. नाना मात्र हसले नाहीत. ते चादरीवरच्या लाल दाराकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "पण सर म्हणतायत म्हणजे... हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. परवा चष्मा डोळ्यावर ठेवून शोधत होतो. केलं असेल मी. कुठलं तरी खोकं उघडलं असेल." ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहू लागले. दोन माणसे धावली. "मंडळी, माफ करा मला. ताई, तुमच्यावर आळ आला माझ्यामुळे. माफ करा."

"बसा हो नाना, बसा," सेक्रेटरींचा आवाज मऊ झाला होता. ते बाकीच्यांना हळूच म्हणाले, "यांना आता एकटं ठेवणं बरं नव्हे. मुलाला कळवू या. घेऊन जाईल."

नानांनी हे ऐकले. हे घर सोडायला लागू नये म्हणून नाना मुलाशी किती वर्षे फोनवर भांडत आहेत, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होते. नाना फोनवर ओरडूनच बोलत असल्याने ते भांडण साऱ्या इमारतीला ऐकू येई. आता ते भांडले नाहीत. नुसते खाली पाहत बसले.

सरांना बोलायचे होते. ते पाण्याचा ग्लास शोधत असतानाच पत्नीचा आवाज आला. ती नकाशाजवळ गेली होती आणि कौतुकाने एकेक खोली निरखत होती.

"अहो, आपलं घर कुठंय यात?"

"ते... ते काय. कोपऱ्यात."

"हो, ही बघा आपली बाल्कनी! पण दार कुठंय?"

सर पाण्याचा ग्लास शोधत राहिले.

"इथं तर भिंत काढलीय तुम्ही. सगळ्यांना दार आहे, आपल्यालाच नाही." ती हसून सगळ्यांकडे वळली. "मग आपण घरात जातो कुठनं?"

"खिडकीतनं!" मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

"विसरभोळे आहेत," पत्नी लोकांना सांगू लागली. "घरातसुद्धा असंच. अहो, दुरुस्त करा की. एवढ्या लोकांसमोर अर्धवट काम नको."

"हां, सर, दुरुस्त करून टाका," सेक्रेटरी म्हणाले. "सगळं रीतसर झालं पाहिजे."

सरांनी आकडा बदलला. तो दोनदा चुकला. ठिपके सुटले. चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरले, लिफ्टच्या खाचेत जमले, सेक्रेटरींच्या दाराला हौसेने चिकटले. कोणी थट्टा करेना. मग सरांचे दार लाल झाले, आणि नानांचे विझले.

"काहीतरी चुकलंय," पत्नी ठामपणे म्हणाली. "आमच्याकडे एवढे दाणे असते, तर आमची बीनबॅग नसती का भरली?" आणि हे वाक्य पूर्ण होता होताच ती थांबली. ती सरांकडे वळली. तीन सूचना तिच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक उमटून गेल्या.

"चुकलेलं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात जड होई तसा झाला नव्हता. तो अगदी पातळ निघाला. "पद्धत बरोबर आहे. मी केलं. माझ्या हातून सांडले, आणि मग मी दार उघडलं. पंखा लावून."

"म्हणजे मुद्दाम?" सेक्रेटरींनी विचारले.

"मला वाटलं, विरळ होतील."

"माझं दार?"

"तेसुद्धा विरळ होईल असं... हो. आणि काल जिन्यात बोललो नाही. आणि आमचं दार मीच बुजवलं नकाशात. नानांचं नाव त्यामुळे आलं. ते त्यांचं नव्हतं."

सगळीकडे शांतता पसरली. पसरलेली ही एक गोष्ट तरी सर्वत्र सारखी होती. तिच्यातून पहिला आवाज नानांचा आला.

"म्हणजे मी विसरलो नाही?"

"नाही, नाना."

"माझं डोकं शाबूत आहे?"

"पूर्ण."

"अहो सर, मग हे आधी नाही का सांगायचं!" नाना इतके खूश झाले की कोणाच्याही मदतीशिवाय उभे राहिले आणि त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. "आभारी आहे तुमचा. फार आभारी आहे." त्या संध्याकाळी सरांना कोणीही इतके लागेल असे बोलले नाही.

ताई मात्र उठल्या, साडीवरचा एक दाणा चिमटीत धरून त्यांनी सरांच्या संगणकाशेजारी ठेवला. "सर, हा वरून माझ्या दारापर्यंत यायला चार जिने उतरला. तुम्हाला एक वाक्य उतरवता आलं नाही."

सेक्रेटरींनी ठराव मागे घेतला. नवा ठराव आणायचा त्यांचा विचार होता, पण भौतिकशास्त्रावर बंदी कशी घालायची, याचे शब्द त्यांना जमेनात.

घरी आल्यावर पत्नी बीनबॅगवर बसली, म्हणजे फरशीवर बसली. "मला एक सांगा. नानांचं नाव येतंय, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी चादर टांगलीत?"

पत्नी उठून आत गेली. जाताना तिने मधले दार लावले नाही, नुसते ओढून घेतले. आणि त्या फटीकडे सर बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दूध घ्यायला दार उघडतात तो कडीला एक पुडी लटकत होती. आत थर्माकोलचे दाणे. थोड्या वेळाने नाना आले, टोपी उलटी धरून. "माझ्या खोलीतले. तुमचेच आहेत, म्हटलं राहायला नकोत." दुपारी सेक्रेटरींनी दार खरवडून काढलेले, हिरव्या रंगाचे, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लोकरीच्या स्वेटरमधून एकेक उपटून वाटीत घालून आणले आणि "वाटी परत करा हं" एवढेच म्हणाल्या. कोणी ओरडले नाही, कोणी टोमणा मारला नाही. सर प्रत्येकाला "माफ करा" म्हणत, आणि प्रत्येक जण "तुमचेच आहेत" म्हणे. आठवडाभर हेच चालले होते. जे एकदा पसरले ते इमारतीच्या कानाकोपऱ्यातून, गाद्यांखालून, चपलांतून, एकाच दाराशी परत येत होते.

त्या आठवड्यात सरांनी वर्गात तो नियम पुन्हा सांगितला. "पसरलेली गोष्ट पुन्हा गोळा होत नाही," ते म्हणाले, आवाज जड व्हायच्या जागी थबकले, आणि पुढे म्हणाले, "सहसा."

शनिवारी ताई आल्या. त्यांच्याकडून एक मोठी थैली आली. वर्षापूर्वी दाणे वापरायचे सोडल्यापासून माळ्यावर पडलेली. "यातले कुठले तुमचे न् कुठले माझे, काही कळेना," त्या म्हणाल्या. "सगळेच ठेवून घ्या."

मग सर बाथरूममध्ये बसले. पंखा बंद केला, कोपरा कापला, आणि पत्नीने दाराबाहेर उभे राहून सांगितले तसे दाणे बीनबॅगमध्ये भरत गेले. बीनबॅग गच्च झाली, आणि जवळजवळ तेवढेच दाणे उरले.

विकत आणलेली पिशवी एकच होती; सोडले त्याहून जास्त परत आले होते.